पुढं तीन खिडक्या

बुलढाण्याच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा खोली मिळवून देणाऱ्या गृहस्थानं मला एकच गोष्ट बजावली होती. "घर चांगलं आहे, वहिनींच्या हाताला चव आहे. फक्त मालकांच्या शेजारी जेवायला बसू नका." मी पहिल्याच दिवशी बसलो. मग सहा वर्षं रोज बसत राहिलो. मी शाळेत भूगोल शिकवायचो, पण मला स्वतःला जो काही भूगोल आला तो त्या पाटावर.

मालक वकील होते. होते म्हणजे एकेकाळी. सनद चौकटीत लावून भिंतीवर टांगलेली होती आणि काळा कोट खुंटीला. कोटाच्या खिशात चिमणीनं घरटं केलं होतं. "कोट घातला तं पिल्लं कुठं जातीन?" असं ते अशिलांना खरोखर गंभीर चेहऱ्यानं विचारत. खरं कारण वेगळं होतं. कोर्टात पाय टाकला की दुसऱ्याच्या भांडणात दिवस जातो, आणि वकीलसाहेबांना स्वतःचं एक मोठं भांडण निस्तरायचं होतं. ते भांडण नागपूरशी होतं.

त्या काळी आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि दोघांचा कारभार नागपुरातून चाले. वकीलसाहेब हा सगळा कारभार ताटात समजावून सांगत. आमच्याकडे जेवताना ताटाच्या एका कडेखाली लाकडाचा लहानसा तुकडा सरकवायची रीत आहे. त्यानं ताट कलतं, रस्सा एका बाजूला गोळा होतो आणि भाकरी चुरायला बरं पडतं. पहिल्या दिवशी त्यांनी तो तुकडा बोटानं ठोकून मला दाखवला.

"मास्तर, हे ताट म्हणजे आपला प्रांत समजा. ह्या वरच्या अंगाले वऱ्हाड. कोणीतरी आपल्या बाजूनं तुकडा सरकवून ठेवला आहे. कापूस पिकते इकडे, अन् रस्सा जमते तिकडे. कॉलेज तिकडे, मोठा दवाखाना तिकडे, पूल तिकडे. इकडे काय राह्यलं? मिरचीचं देठ!"

"मग तुकडा काढून टाका," मी म्हणालो.

"काढला असता," ते भाकरी चुरत म्हणाले, "पण मंग जेवता नाही येत ना!"

त्यांचं बोलणं अस्सल वऱ्हाडी. शिक्षण पुण्यात झालेलं, इंग्रजी फाडफाड यायचं, पण पुण्याहून आलेल्या एका मुन्सफानं म्हणे एकदा त्यांच्या 'मले-तुले'वर भर कोर्टात हसून दाखवलं. त्या दिवसापासून त्यांनी शुद्ध बोलणं सोडून दिलं. अर्ज मात्र शुद्ध असत. एका सडकेसाठी नागपूरला पाठवलेल्या त्या अर्जांच्या नकला माजघरात दोन पेट्या भरून होत्या. वहिनी त्या पेट्यांवर पापड वाळत घालायच्या.

त्यांचं मूळ गाव बुलढाण्यापासून चार कोसांवर, घाटावरच. त्यातले दोन कोस पक्की सडक होती. फाटा लागला की पुढचे दोन कोस काळी माती, गाड्यांच्या चाकोऱ्या आणि मध्ये एक नाला. घाटाखाली मलकापूरला रेल्वे, कापसाच्या गठाणी दाबायचे पेच, व्यापारी सगळं होतं. ह्या गावाचा कापूस तिथं पोचेपर्यंत बैल निम्मे झालेले असत आणि बाजार उठलेला असे. कोणी आजारी पडलं तर त्याला बाजेवर घालून फाट्यापर्यंत आणावं लागे. वकीलसाहेबांनी गावच्या पारावर सगळ्यांसमोर शपथ घेतली होती की गावाला पक्की सडक होईपर्यंत मी चाकावर बसणार नाही. चाकावर म्हणजे कशावरच नाही. बैलगाडी नाही, टांगा नाही, मोटार नाही, रेल्वे नाही. शपथ घेतली तेव्हा मिशा काळ्या होत्या. मी गेलो तेव्हा पांढऱ्या झाल्या होत्या, आणि माणूस चालतच होता.

एकदा त्यांचा पाय मुरगळला. चौघांनी त्यांना बाजेवर घालून खांद्यावरून घरी आणलं. वर उन्हासाठी पांढरं धोतर धरलेलं. बाजारातून जाताना दुकानदार उभे राहून हात जोडू लागले. एका म्हाताऱ्यानं तर "चांगला माणूस होता बापा" असं म्हणून डोळे पुसले. तेव्हा वकीलसाहेब बाजेवर उठून बसले आणि म्हणाले, "आहे अजून. सडक झाल्याबिगर कुठं जाऊन राह्यलो?"

मी मलकापूरचा. माझ्या गावाला रेल्वे आहे, हा त्यांच्या दृष्टीनं माझ्यात असलेला जन्माचा दोष. प्रेमात आले की मला ते 'रेल्वेवाले' म्हणत. माझ्या लग्नाला ते घाट उतरून मलकापूरला चालत आले. मुहूर्त चुकू नये म्हणून दोन दिवस आधी निघाले आणि एक दिवस आधी पोचले. मांडव घालणाऱ्यांच्या हाताखाली लागून त्यांनी दोऱ्या बांधल्या. वरातीत वडिलांनी त्यांच्यासाठी मोटारीत मानाची जागा ठेवली होती. ते बँडवाल्यांबरोबर चालले, आणि बँडवाल्यांना वाटेत थोडं अर्थशास्त्रही सांगितलं असावं, कारण शेवटी शेवटी क्लॅरिनेटवाला फार खिन्न वाजवू लागला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना शोधत स्टेशनवर गेलो. गाडीत कापसाच्या गठाणी चढत होत्या. बाकावर बसून ते एकेक गठाण डोळ्यांनी पोचवत होते.

"चालल्या," ते म्हणाले. "येतीन परत धोतर होऊन. तवा वळख बी नाही द्यायच्या."

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल की हा माणूस कडवट असेल. मुळीच नाही. मी इतक्या आनंदानं भांडणारा माणूस पाहिला नाही. नागपूरहून अर्ज नामंजूर होऊन आला की ते वहिनींना शिरा करायला सांगत. "उत्तर आलं ना! म्हणजे वाचून राह्यले!" आणि त्यांच्या भांडणात आकस नव्हता. एकदा मी म्हणालो की मध्यप्रांतात जंगलातले जिल्हे आहेत, तिथल्या लोकांना आपल्यापेक्षाही कमी मिळतं. ते लगेच म्हणाले, "खरं आहे मास्तर. त्याहिले तं ताटच नाही वाढलं." आणि पुढच्या अर्जात त्यांनी त्या लोकांसाठीही एक परिच्छेद घातला, ज्यांना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

शेवटी त्या पेट्यांमधल्या एका अर्जाला फळ आलं. रस्त्यांच्या खात्याचे एक मोठे साहेब थंडीतल्या दौऱ्यावर बुलढाण्याला येणार होते, आणि फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता स्वतः पाहतो असं त्यांनी कळवलं. साहेब नागपूरचे, मराठीच, हुशार आणि सरळ अशी ख्याती. वकीलसाहेबांनी ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. दिवसही छान निवडला गेला होता. परतीच्या पावसानंतर कापसाच्या गाड्यांनी रस्ता पार फाडून ठेवला होता. चाकोऱ्या गुडघाभर. नाल्याच्या उताराला तर मोठमोठे दगड उघडे पडलेले.

"साहेबाच्या मोटारीचं एक चाक जरी निघालं," वकीलसाहेब हात चोळत म्हणाले, "तं सडक आपली झाली समजा."

त्यांनी गावच्या पाटलाला कळवलं की साहेब रस्ता पाहायला येत आहेत. आणि इथंच ते चुकले. आपल्या गावाला ते साठ वर्षं ओळखत होते, तरी चुकले.

त्या सकाळी आम्ही दोघं चालत फाट्यावर पोचलो. साहेबांची मोटार उभीच होती. साहेबांनी दार उघडून "या, बसा" म्हटलं. वकीलसाहेबांनी शपथ सांगितली. साहेब हसले, पण थट्टेनं नाही. बोलता बोलता त्यांनी आपली बाजूही मांडली. "वकीलसाहेब, तुमचा वऱ्हाड श्रीमंत. कापसाचा मुलूख. आमच्याकडे असे जिल्हे आहेत की तिथं अंगावर धड कापड नाही. वऱ्हाडानं थोडं सोसायला नको?"

"सोसतो ना साहेब. त्याहिले द्या, जरूर द्या. पण वऱ्हाड श्रीमंत आहे हे तुम्ही रेल्वेतून पाह्यलं. रेल्वे जिथून जाते तिथून सारंच श्रीमंत दिसते. वऱ्हाडात दोन वऱ्हाड आहेत साहेब. एक घाटाखालचा, एक वरचा. चला, दाखवतो."

मोटार पुढं निघाली आणि आम्ही मागून. दहा पावलं गेलो असू, वकीलसाहेब थांबले. त्यांनी वाकून रस्त्याला हात लावला. चाकोऱ्या मुरूम घालून भरलेल्या होत्या. वरून धुम्मस करून पाणी शिंपडलेलं होतं. सडा घातल्यासारखा रस्ता दिसत होता. नाल्यात पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, भारे अंथरून त्यावर माती दाबली होती, आणि दोन्ही काठांना आंब्याच्या पानांची तोरणं बांधली होती. लांब पुढं साहेबांची मोटार न हलता न डुलता चालली होती.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं. त्यांच्या शपथेची सगळी वर्षं त्या मोटारीबरोबर निघून चालली होती.

गावात पोचलो तर साहेब पारावर हार घालून बसलेले. "अहो, रस्ता तर उत्तम आहे!" ते म्हणाले. पाटील लाजून हसला. सगळं गाव तीन दिवस खपलं होतं. बाया डोक्यावरून मुरूम वाहत होत्या, एका घरचं लग्नाचं काम त्यासाठी थांबलं होतं. वकीलसाहेब पाटलाला बाजूला घेऊन गेले. मीही गेलो, न जाणो म्हणून.

"पाटील, काऊन केलं असं?"

"म्हणजे?" पाटील चकित झाला. "साहेब तुमचा पाहुणा. तुमच्या पाहुण्याचे हाडं खिळखिळे झाले असते, तं गावाची काय इज्जत राह्यली असती? तुमची काय राह्यली असती?"

वकीलसाहेबांनी पाटलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चांगलं केलं बापा." मग रोडगे आणि वांग्याच्या भाजीचं जेवण झालं. साहेब दोनदा मागून जेवले. आपल्या वहीत त्यांनी काय टिपलं असेल ते ओळखायला शिक्षणाची गरज नव्हती.

परत येताना चारही कोस वकीलसाहेब मान खाली घालून माझ्या दहा पावलं पुढं चालत राहिले. मला ते सहन होईना. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दिवेलागणीला घरी आलो तर घरात लगबग. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब चहा-फराळाला येणार होते. बैठकीला चुना दिलेला, शेजारून खुर्च्या आणलेल्या, कोणाचा तरी गालिचा पसरलेला. हे सगळं वकीलसाहेबांनीच जाताना सांगून ठेवलं होतं. ते ओसरीवर बसले आणि पहिल्यांदाच गावावर चिडले.

"अडाणी लोक! रस्ता दाखवा म्हटलं, तं सजवून बसले. जे दुखते तेच झाकून ठेवलं!"

वहिनी आतून आल्या. हातात फुंकणी, डोळे लाल. त्या फार कमी बोलत. मी त्यांचं एवढं बोलणं तेव्हाच ऐकलं.

"त्याहिले काऊन बोल लावता? तुम्ही काय केलं? साहेब येणार तं पुढं चुना देला, उसन्या खुर्च्या आणल्या. पुढं तीन खिडक्या आहेत आपल्या घराले. मागं माह्या चुलीपाशी एक बी नाही. सारं रांधलं जाते मागं, अन् खाल्लं जाते पुढं. तीस वर्सं झाली, धूर खाऊन राह्यली मी. पुढून जो येते तो म्हणते, काय हवेशीर घर आहे वकीलसाहेबाचं! मागं आला काय कोणी कधी पाहाले? तुम्ही तरी आले काय?"

फुंकणी घेऊन त्या पुन्हा आत गेल्या. वकीलसाहेबांनी वळून बैठकीच्या तीन खिडक्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले. चेहरा पडलेला होता, पण डोळ्यांत हळूहळू काहीतरी चमकू लागलं होतं.

"मास्तर, ऐकलं? तीस वर्सं नागपुराले अर्ज करून राह्यलो, अन् नागपूर तं मीच होतो!"

ते उठले, आणि एकेक खुर्ची उचलून शेजाऱ्याकडे पोचवून आले. गालिचाही गेला.

सकाळी साहेब आले. वकीलसाहेबांनी त्यांना दारातच पाय धुवायला पाणी दिलं आणि बैठकीतून, माजघरातून थेट चुलीपाशी नेऊन पाटावर बसवलं. मी मागोमाग. वहिनींनी त्या दिवशी कोरडी लाकडं मुद्दाम निवडली नाहीत, रोजची ओलसर पऱ्हाटी होती तीच घातली. पोहे होईपर्यंत त्या अंधाऱ्या खोलीत धुराचा असा काही गोळा झाला की मला साहेबांची फक्त टोपी दिसत होती. साहेब खोकू लागले. नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"वकीलसाहेब, अहो, इथं खिडकी का नाही?"

"पुढं तीन आहेत साहेब," वकीलसाहेब धुरातून म्हणाले. "पुढून येणाऱ्याले घर हवेशीर वाटते. काल आमचा रस्ता तुम्हाले बी तसाच उत्तम वाटला."

चुलीतली पऱ्हाटी फुसफुसत होती. मग साहेबांनी रुमालानं डोळे पुसले आणि मोठ्यानं हसले. धुरातच बसून त्यांनी पोहे संपवले. निघताना पायरीवर ते म्हणाले, "पंधरवड्यानं परतताना याच बाजूनं जाईन. कोणत्या दिवशी, ते तुम्हालाही कळवणार नाही."

वकीलसाहेबांच्या आयुष्यातले सगळ्यात कठीण पंधरा दिवस ते. साहेब पुन्हा येणार हे तोंडून निघून जाईल म्हणून ते गावाकडे फिरकलेच नाहीत. गावचा माणूस बाजारात दिसला तर गल्ली बदलत. त्या अस्वस्थतेत त्यांनी पहार घेतली आणि स्वयंपाकघराची मागची भिंत फोडायला सुरुवात केली. गवंडी बोलवू म्हटलं तर ऐकेनात. माझ्याकडे टोपली दिली. तीन दिवसांनी भिंतीत भोक पडलं, चौथ्या दिवशी चौकट बसली. ती एका बाजूला कललेली आहे हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. "राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "उजेड सरळ येते." त्या सकाळी पहिल्यांदा मी त्यांचे डोळे लाल नसलेले पाहिले, आणि इतकी वर्षं तिथलं जेवण मिटक्या मारत खाणाऱ्या माझी मलाच लाज वाटली.

तिकडे पऱ्हाट्या आणि मुरूम कापसाच्या गाड्यांच्या पाच-सात फेऱ्यांतच उखडून गेले होते. न कळवता आलेल्या साहेबांची मोटार नाल्यात अशी रुतली की चार बैलजोड्या लावून काढावी लागली. साहेब बूट हातात घेऊन चिखलातून चालत पारावर पोचले. पाटील तर रडवेला झाला. दुसऱ्या दिवशी तो बुलढाण्याला येऊन वकीलसाहेबांवर असा भडकला की सांगता सोय नाही. "घरचा पाहुणा आला अन् आम्हाले खबर नाही? चिखलात उभा केला हो त्याले!" वकीलसाहेबांनी त्याला मिठी मारली. पाटलाला काही उलगडा झाला नाही, पण शिरा खाऊन तो शांत झाला.

खिडकीला चार दिवस लागले. सडकेला मंजुरी यायला, खडी पडायला, नाल्यावर फरशीचा ठेंगणा पूल व्हायला त्यानंतर दोन पावसाळे गेले. तोवर माझी बदलीची वेळ आली होती, पण गावाला पहिली सर्व्हिस मोटार जायची त्या दिवशी मी मुद्दाम थांबलो. मोटारीला झेंडूच्या माळा. ड्रायव्हरनं शेजारची जागा पुसून ठेवलेली. वकीलसाहेबांनी पायरीवर पाय ठेवला आणि काढला. पुन्हा ठेवला. इतक्या वर्षांनी चाकावर चढायचं त्यांच्या पायांना जमेना. मी हात दिला, तो त्यांनी घट्ट धरला.

"पुढं बसा, वकीलसाहेब," सगळे ओरडले.

"पुढं हिले बसवा," त्यांनी वहिनींकडे बोट केलं. "मी मागं बसतो. पुढून रस्ता नेहमीच चांगला दिसते."

ते अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बसले, मी शेजारी. फाटा आला, मोटार नव्या सडकेवर वळली. नाल्याच्या फरशीवर चढताना मागचं चाक कशात तरी गेलं आणि आम्ही दोघंही बाकावरून वीतभर उडालो.

"मास्तर, लिहा!" ते आनंदानं ओरडले. "फरशीपाशी खड्डा!"

पुढून वहिनींनी मान वळवली. "कुठं खड्डा? मले तं नाही लागला!"

सगळी मोटार हसली. वकीलसाहेब तर टाळ्या वाजवायचे बाकी राहिले. "पाहा मास्तर! पुढं बसलं का माणूस बदलते!"

परतीच्या फेरीला मात्र ड्रायव्हरनं पुसलेली जागा सोडून वहिनी सरळ मागं आल्या आणि नवऱ्याच्या शेजारी बसल्या. मी पलीकडे सरकलो. फरशीवर मोटार आली, चाक गेलं, आणि आम्ही तिघंही उडालो. वहिनींनी पदर सावरला.

"हाव," त्या म्हणाल्या, "आहे खड्डा."